पाणी जोखताना

इशबेल गेडीजच्या सिंकखाली
मी पालथा. तोंडात टॉर्च.
नळ करडा आहे. त्यावरून काही ठरत नाही,
ग्लासगोत अर्धं शहर करडंच असतं.

म्हणून आधी चुंबक. चिकटत नाही.
मग पान्याच्या मुठीनं टकटक:
तांबं बोलतं, लोखंड ओरडतं,
हा नुसता हुं म्हणतो, जेवून लवंडलेल्यासारखा.
शेवटी खिशातलं दोन पेन्सचं नाणं.
एक ओरखडा,
आणि मळाखालून चांदी हसते.

शिसं.

"काय निघालं?" वरून त्या विचारतात.
त्यांच्या सपातांना मांजराचे केस आहेत.
प्रयोगशाळा सांगेल, मी म्हणतो. उद्या पहाटे
कुणी दात घासायच्या आधी,
रात्रभर नळात मुक्कामाला राहिलेलं पाणी
या बाटलीत धरा. पहिली धार. सोडून द्यायची नाही.
"पहिली धार मी चहाला घेते," त्या म्हणतात,
"एकोणपन्नास वर्षं."

आमच्या पाण्याचा आम्हाला भारी अभिमान.
डोंगरातल्या तळ्याचं, मऊ,
किटलीच्या बुडाला कधी खपली धरत नाही.
मऊ पाण्याचा दोष एवढाच
की ते रिकाम्या हातानं येतं,
आणि वाटेत जे भेटेल त्यातलं
थोडं थोडं उचलत राहतं.
वास नाही. रंग नाही.
चव म्हणाल तर फार छान.

नवव्या दिवशी कागद आला.
लिटरमागे एकतीस मायक्रोग्रॅम. चालतं ते दहापर्यंत.
खरं तर हे सगळं वरच्या मजल्यावरच्या
मॉर्व्हनच्या तान्ह्या बाळामुळे सुरू झालं,
तिनंच जिनाभर अर्ज वाटले होते.

मी माझं नेहमीचं सांगत होतो:
उकळून भागत नाही. पाणी उडतं,
शिसं मागे बसतं, उलट दाट होऊन.
कुठल्याही जगमधल्या कोळशावर भिस्त नको,
शिसं पकडतं असं छापलेलंच काडतूस घ्या.
हो, काडतूसच म्हणतात.
फक्त हे शिसं सोडत नाही, धरून ठेवतं.
बसवल्याची तारीख लिहा.
आणि नळ बदलेपर्यंत रोज सकाळी
मिनिटभर पाणी वाहू द्या.

त्या ऐकत नव्हत्या. बोट एकतीसवर.
"रोरी बाटलीवर वाढला," त्या म्हणाल्या.
"पावडर मी सुरीनं सपाट करून घालायची,
कणभर इकडे तिकडे नाही.
पाण्यात काय बघायचं असतं?"

रोरी शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता.
बाराच्या पुढचे आकडे त्याच्या हातून निसटायचे.
आम्ही हसायचो. मीसुद्धा.
आता तो बस डेपोत फरशी पुसतो,
एकूण एक ड्रायव्हरचा वाढदिवस त्याला पाठ आहे.

"याच्यामुळे?"

कागद या महिन्यातल्या पाण्याचं बोलतो.
तेव्हाचं कुणी बाटलीत धरून ठेवलेलं नाही.
भिंतीत मुरलेलं पाणी मला सापडतं,
तेवढाच माझा धंदा.
कुणालाच सांगता येणार नाही, मी म्हणालो.
ते खरं होतं.
मग मी स्वच्छ असलेला पाना
पुन्हा पुसत बसलो.

अनुदानाचं पत्र अजून यायचंय,
रस्ता खणायचाय.
आज काडतूस बदलायला सकाळीच गेलो,
तर सिंकपाशी रोरी, पायजम्यात.
साठ त्याला येत नाहीत.
तो बारापर्यंत मोजतो, मोठ्यानं,
आणि एक बोट मिटतो.
पुन्हा बारा. पुन्हा एक बोट.
मूठ पुरी झाली की नळाखाली जग धरतो,
आणि आईला म्हणतो,
आता घे.